टेकडीवरचं हॉटेल आणि सहा पत्रं

हॉटेलच्या जोत्याचे दगड माझ्या वडिलांनी वाहिले. खाण खाली होती आणि जागा टेकडीवर, त्यामुळे एकेका खेपेला बैलांना दोनदा दम खाऊ द्यावा लागे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. दुपारची भाकरी घेऊन जायचे आणि गाडी रिकामी होईपर्यंत जांभळीखाली बसून राहायचे. लोणावळ्याच्या आसपास तेव्हा धरणांची कामं चालली होती. गोरे इंजिनिअर, त्यांच्या मडमा, त्यांचे पाहुणे यांची ये-जा वाढली होती. या लोकांना उतरायला चांगली जागा लागणार हे मुंबईच्या एका शेठजींनी हेरलं होतं. वडील घरी येऊन सांगत, "राजवाडा व्हतोय, राजवाडा." मग आईकडून पाठीला तेल लावून घेत.

दोन वर्षांनी इमारत उभी राहिली. काळ्या दगडाची, दोन मजली, वर मंगलोरी कौलं. पुढचा व्हरांडा इतका लांब की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येत नसे. आत सागवानी जिना आणि नाचासाठी लाकडी जमिनीचा मोठा दिवाणखाना. वडिलांनी तो कधी पाहिला नाही. काम संपलं आणि फाटकावर चौकीदार आला. ज्यांनी दगड वाहिले त्यांना कामाशिवाय आत जाता येईना. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पाटीवाचूनच सगळ्यांना कळत होतं.

मी त्या फाटकातून आत गेले ती नवरा गेल्यावर. मला इंदुरीला दिली होती. आमचं बांगड्यांचं दुकान होतं आणि मला एक मुलगी होती, दीड वर्षांची. मानमोडीची साथ आली तेव्हा आठ दिवसांत दोघंही गेले. आधी मुलगी, मग तो. माझ्या भावाने मला कामशेतला आपल्या घरी आणलं. तो कोंबड्या, अंडी आणि दूध गोळा करून रोजच्या रोज हॉटेलात पोचवायचा. वर्षभर मी त्याच्या घरात एका कोपऱ्यात बसून होते. त्याची बायको चांगली होती, कधी काही बोलली नाही, पण तिच्या पोरांना मी जवळ घेत नसे आणि ते तिला कळत होतं. एक दिवस भाऊ म्हणाला, "हाटेलात कापडं सांभाळायला बाई पायजे. येतीस का?" मी व्हय म्हटलं.

तिथे सत्तावीस वर्षं काढली.

माझी जागा म्हणजे खालच्या मजल्यावरची कापडांची खोली. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरचे कपडे, टॉवेल, सगळं परिटाकडून आलं की पाहून घ्यायचं, फाटलं असेल तर शिवायचं आणि फडताळात लावायचं. लोणावळ्याच्या पावसात काही म्हणून वाळत नसे. शेगडीवर वेळूची टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक चादर फिरवत बसायचे, नाहीतर बुरशी धरायची. सगळ्या कारभारावर एक मॅनेजरबाई होत्या. गोव्याकडच्या, किरिस्ताव, नवरा नसलेल्या. मोडकंतोडकं मराठी बोलायच्या, वाचायच्या मात्र फक्त इंग्रजी. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. कडक होत्या, पण मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "पोर गेलं ना तुझं?" मी मान हलवली. त्यांनी मला फडताळाच्या किल्ल्या दिल्या आणि त्या दिवशी दुसरं काही काम सांगितलं नाही.

सुरुवातीची वर्षं भरभराटीची होती. शनिवारच्या गाडीने मुंबईचे साहेब यायचे, नाताळात पुण्याहून बँड यायचा, आणि वरती नाच सुरू झाला की माझ्या खोलीच्या छतातून भुसा गळायचा. नंतर मोटारी झाल्या. साहेब लोक महाबळेश्वरला जाऊ लागले. खोल्या रिकाम्या पडायला लागल्या तशी शेठजींनी हिंदी पाहुण्यांना मुभा दिली. मात्र मागच्या अंगाच्या खोल्यांत. तिकडून समोरचा देखावा दिसत नसे, माळ्याची झोपडी आणि कुंड्या दिसत.

असंच एका वर्षी दसरा झाल्यावर सोलापूरचे एक वकील आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी सतरा-अठरा वर्षांची, हाडाची काटकुळी, डोळे मोठे. आई लहानपणीच गेलेली. वकीलसाहेब मॅडमना म्हणाले, मुलीला न्यूमोनिया होऊन गेलाय, अशक्तपणा आहे, डॉक्टरांनी कोरडी थंड हवा सांगितली आहे. मॅडमनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला काय झालंय ते आम्हा दोघींनाही कळलं होतं. पण मागच्या चार खोल्यांपैकी चारही रिकाम्या होत्या. मॅडमनी सगळ्यात टोकाची खोली दिली आणि मला सांगितलं, तू हिच्याकडे बघायचं, हिची भांडी आणि चादरी वेगळ्या ठेवायच्या.

वकीलसाहेब तीन दिवस राहिले. निघताना खोलीच्या दाराशी उभे राहून ते मॅडमना म्हणाले, "हट्टी आहे. घरी न्या म्हणून मागे लागेल. तिच्या हट्टाकडे लक्ष देऊ नका. नाताळच्या सुटीत कोर्ट बंद झालं की मी येतोच." मुलगी आत खाटेवर बसली होती. तिने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. ते तसेच गेले.

पहिला आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस मी तिचे केस विंचरत असताना तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलगी आहे?"

"व्हती," मी म्हटलं.

"केवढी असती आता?"

मी हिशेब केला नव्हता. करवत नव्हता. तिनेच विचारून विचारून केला आणि म्हणाली, "माझ्याहून थोडी लहान." त्यानंतर ती माझ्या हातचं जेवू लागली. घरून फराळाचे डबे यायचे, त्यातलं मला आधी द्यायची. मी म्हटलं, मुसलमानाच्या हातचं खातीस, घरी कळलं तर? ती हसली. "बाबांना चालतं. बाबांना फक्त मी रडलेलं चालत नाही."

तिला सारखं काहीतरी करायला लागायचं. मला वाचता येत नाही हे कळल्यावर तिने मला शिकवायला घेतलं. दुपारी ऊन खिडकीपाशी आलं की ती पाटीवर अक्षर काढायची आणि मी ते गिरवायचे. अंगठ्याला सुईचे घट्टे पडलेले, त्यामुळे पेन्सिल नीट धरता यायची नाही. ती माझं बोट धरून वळवायची. तिचा हात नेहमी गरम असायचा. आम्ही 'ढ'पर्यंत पोचलो होतो.

वडिलांना ती पत्रं लिहायची. लिहून झालं की लिफाफा माझ्या हातात द्यायची आणि मी तो मॅडमकडे पोचवायचे, कारण हॉटेलचं टपाल त्यांच्याकडून जायचं. पहिली काही पत्रं गेली. मग सोलापूरहून मॅडमना इंग्रजीत पत्र आलं आणि त्याच टपालाने मुलीलाही एक आलं. मुलीचं पत्र तिने मला वाचून दाखवलं नाही. उशीखाली ठेवलं. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाली, "बाबा रागावलेत. बरी झाल्याशिवाय घरी नेणार नाही म्हणतात."

ती तरीही लिहीत राहिली. बसवत नव्हतं तरी उशीला टेकून लिहायची. त्या तीन-चार आठवड्यांत सहा पत्रं मी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. एकाचंही उत्तर आलं नाही. टपालवाला येऊन गेला की ती दाराकडे पाहायची. मी म्हणायचे, "कामात असतील गं. येत्याल नाताळात."

"पत्र टपालात पडलं ना, मावशी?"

"पडलं की."

मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात हॉटेल पुन्हा एकदा भरलं. कित्येक वर्षांत एवढे पाहुणे आले नव्हते. शेठजी स्वतः आले होते, दिवाणखान्यात कागदाच्या माळा लावत होते. मागच्या खोलीत मुलीला खोकताना रक्त पडलं. स्टेशनजवळचे डॉक्टर आले, बाहेर येऊन मॅडमशी बोलले. मी मॅडमना म्हटलं, "तिच्या बाला तार करा." मॅडम म्हणाल्या, "चार दिवसांनी येतोच आहे. डॉक्टर म्हणतो, तेवढे दिवस काढेल. आता तार केली तर घाबरून आज येईल, चार डॉक्टर आणील, सगळ्या हॉटेलला कळेल." त्यांचा चेहरा ओढलेला होता. मी पुढे काही बोलले नाही. मला बोलता आलं असतं. तारऑफिस काही लांब नव्हतं आणि भाऊ रोज सकाळी दूध घेऊन येत होता. पण मी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. माझ्या मांडीवर डोकं होतं. शेवटी तिने काही निरोप दिला नाही, पाणी मागितलं आणि ते प्यायला राहिली नाही.

पाहुणे उठायच्या आत तिला मागच्या जिन्याने खाली नेलं. मी, माळी आणि माझा भाऊ. चादरीत गुंडाळलेली होती, भावाने एकट्याने उचलली असती एवढीच होती. माळ्याच्या झोपडीत, कुंड्या बाजूला सारून, तिला ठेवलं. मग मॅडमनी तार केली. दिवसभर मी तिच्यापाशी बसले होते. वरती बँड वाजत होता.

वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. झोपडीच्या दारात वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "इथे का?"

मॅडम म्हणाल्या, "इथे गारवा आहे."

ते आत आले. खाली मातीत बसले. मी तिचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या. त्यांनी एक वेणी हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. दुपारी इंद्रायणीच्या काठी तिला अग्नी दिला. गावातले दोन-तीन लोक खांदा द्यायला आले. मी लांब, रस्त्यावर उभी राहिले.

ते परत गेल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे खोलीतली गादी, उशा, चादरी मागच्या अंगणात जाळल्या. मी सामान आणून आणून टाकत होते. मॅडम आपल्या टेबलाच्या खणातून काही कागद घेऊन आल्या आणि तेही आगीत टाकले. लिफाफे होते. सहा. माझ्या हातांनी नेऊन दिलेले. मला पत्ता वाचता येत नव्हता, पण एका लिफाफ्यावर तिच्या औषधाचा तांबडा डाग पडला होता, तो ओळखता आला.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बापानेच लिहिलं होतं मला. 'मुलीच्या पत्रांनी मला काम सुचत नाही, तब्येतीचं तुम्हीच कळवत जा.' मी तेच केलं, पत्रं ठेवून घेतली." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला मराठी वाचता आलं असतं तर उघडली असती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेल, नसेलही. "कुणाला सांगू नको. तुझ्या भावाचं दूध इथे येतं."

पुढच्या वर्षी नाताळच्या आधी वकीलसाहेब पुन्हा आले. तीच खोली मागितली. खोलीला रंग दिला होता, दारावरचा आकडाही बदलला होता, पण त्यांनी बरोबर ओळखली. दोन दिवस राहिले. दिवसभर खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही शेवटपर्यंत होता. ती माझ्यावर फार रागावली होती का?"

"न्हाई, साहेब."

"मी तिला एक कडक पत्र लिहिलं. त्यानंतर तिने मला एक ओळही लिहिली नाही. तिने अबोला धरला, मग मीही धरला. म्हटलं, समोरासमोरच मिटवू." त्यांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "तशीच गेली ती."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण मागे दूध होतं, भावाची पोरं होती, माझं सगळं पोट त्या फडताळाच्या किल्लीवर होतं. आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंही नव्हतं. मला वाटलं, हा माणूस आता थोडा सावरलाय, सांगून त्याला काय मिळणार? मी चहा गार झाला म्हणाले आणि दुसरा आणायला गेले.

त्यानंतर ते दरवर्षी आले. आठ-नऊ वर्षं. केस पिकले, काठी आली. दरवर्षी मी ठरवायचे आणि दरवर्षी राहून जायचं. एक वर्ष गप्प राहिलं की दुसऱ्या वर्षी आधीच्या वर्षाचंही उत्तर द्यावं लागतं. मधल्या काळात भावाच्या मुलीजवळ बसून मी 'ढ'च्या पुढची अक्षरं शिकले. मला वाचता यायला लागलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता ती पत्रं असती तर.

मग लढाई सुरू झाली. दोनेक वर्षांनी सरकारने हॉटेल जखमी गोऱ्या सोल्जरांसाठी ताब्यात घेतलं. पुढचा व्हरांडा खाटांनी भरला. लाकडी जमिनीवर बूट वाजू लागले. शेठजींनी आपले आरसे मुंबईला नेले. मॅडम गोव्याला निघून गेल्या, तिथेच वारल्याचं नंतर कळलं. जाताना त्यांनी मला आपली शाल दिली. आम्ही त्या विषयावर तेव्हाही बोललो नाही. मला लष्कराने कामावर ठेवून घेतलं, कारण सोल्जरांनाही चादरी लागतच होत्या.

त्या साली वकीलसाहेब आले तेव्हा फाटकावरच्या शिपायाने त्यांना आत सोडलं नाही. मला कुणीतरी सांगितलं, एक म्हातारा बाहेर बसलाय. मी गेले. ते रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. सकाळचं ऊन होतं.

"आत नको म्हणतात, बाई," ते म्हणाले. "हरकत नाही. इथून कौलं दिसतात."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आता मॅडम नव्हत्या, दूधही बंद झालं होतं. मला गप्प ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, पोरीनं तुमाला पत्रं लिहिली व्हती. तुमच्या त्या पत्रानंतर. सहा लिहिली. मीच नेऊन दिली. ती हितंच राहिली, टपालात पडली न्हाईत."

त्यांना ऐकू आलं की नाही तेच मला कळेना. ते कौलांकडेच बघत म्हणाले, "कुठे आहेत?"

"जाळली. गादीसंगं."

"कोणी अडवली?"

मी मॅडमनी सांगितलं होतं ते सांगितलं. काहीच लपवलं नाही. साहेबांनी स्वतःच मॅडमना इंग्रजीत काय लिहिलं होतं, तेही. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "काय लिहिलं होतं तिने?"

"मला तवा वाचाया येत न्हवतं."

समोरच्या रस्त्याने एक लष्करी ट्रक गेला, धुरळा उडाला. मग ते अगदी हळू म्हणाले, "लिहीत होती म्हणजे." पुन्हा एकदा तेच म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला की मोडला, ते मला अजूनही ठरवता येत नाही. उठले, पिशवी खांद्याला लावली, मला नमस्कार केला आणि स्टेशनकडे चालू लागले. मी त्यांना वळणापर्यंत पाहिलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या नाताळात मी रोज फाटकाशी जाऊन येत होते. सोलापूरचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी काय लिहिलं असतं? ते वारले असतील, किंवा यायचं कारण उरलं नसेल. मी सांगितलं हे बरं केलं की वाईट, हे मी पुष्कळांना विचारलं आहे. मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं, भावाला विचारलं. दोघांनी दोन उत्तरं दिली.

लढाई संपल्यावर सरकारने इमारत शेठजींच्या मुलाला परत दिली. दिवाणखान्यातली जमीन सोल्जरांच्या बुटांनी आणि पाण्याने फुगून वर आली होती. जिन्याचे कठडे एका थंडीत कुणी जाळले ते कळलं नाही. मुलाने एकदा येऊन सगळं पाहिलं. पुन्हा हॉटेल चालवायची त्याची इच्छा नव्हती. मी फडताळाच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या तेव्हा त्याने विचारलं, या कशाच्या? एक-दोन पावसाळे इमारत तशीच उभी राहिली. मग दारं गेली, खिडक्या गेल्या, शेवटी उरलंसुरलं मोडून विकायला काढलं.

मी तोवर कामशेतला भावाकडे राहायला आले होते. एका सकाळी तो गाडी जुंपत होता. म्हणाला, "हाटेलाची कौलं काढत्यात. चांगली हायेत. आपल्या पडवीला आणू का दोन गाड्या?"

मी चुलीपाशी बसले होते. मला वडिलांची पाठ आठवली, मग तेही मनातून गेलं. पडवी दोन वर्षं गळत होती आणि भावजयीच्या गुडघ्यांना ओल सोसत नव्हती.

"आण," मी म्हटलं. "फुटकी घेऊ नको."

तो संध्याकाळी कौलं घेऊन आला. भावजयीने आणि मी ती उतरवून घेतली आणि भिंतीला लावून रचली. पडवी त्या साली गळाली नाही.